पडद्यावरची शिंक अंगावर कशी उडवावी?

प्रश्न : आम्ही अ‍ॅनिमेशनचे काम करणारे चौघे एका थीम पार्कसाठी बारा मिनिटांचा त्रिमितीय चित्रपट करत आहोत. त्यात वारा, पाण्याचे तुषार, वास आणि हलत्या खुर्च्या असाव्यात, अशी पार्कची अपेक्षा आहे. चित्रपट आधी पुरा करून हे परिणाम मागाहून जोडले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि हे आपण वेळीच विचारलेत याचे मला समाधान वाटते. खुर्चीतून सुटलेला हवेचा झोत मानेवर बसतो तेव्हा त्याचे कारण पडद्यावर दिसत नसेल, तर प्रेक्षक दचकतो खरा, पण त्याच क्षणी गोष्ट त्याच्या हातून सुटते. म्हणून संहितेत दृश्य आणि ध्वनी यांच्या शेजारी स्पर्श व वास यांचा रकाना पहिल्या खर्ड्यापासूनच आखून घ्या. मॉर्टन हायलिग यांना १९६२ मध्ये पेटंट मिळालेल्या ‘सेन्सोरामा’ यंत्रात चित्र, आवाज, वारा, वास आणि खुर्चीची थरथर हे सारे एकत्रच योजलेले होते; मात्र ते यंत्र एका वेळी एकाच माणसासाठी होते, आणि आपल्याला हे सभागृहभर लोकांना एकाच क्षणी द्यायचे आहे.

एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडातील एपकॉट या डिस्नेच्या थीम पार्कमध्ये १९९४ पासून २०१० पर्यंत चाललेल्या ‘हनी, आय श्रंक द ऑडियन्स’ या त्रिमितीय खेळात शेवटाकडे एक अवाढव्य कुत्रा प्रेक्षकांच्या दिशेने शिंकत असे आणि सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडत असे. शिंक येणार हे समजायला कोणालाही शब्द लागत नाहीत, आणि थोडेसे पाणीही तिथे पुरेसे होते. शिवाय तुषारांनी चष्म्याच्या काचा भिजल्या तरी पुढे बारकाईने पाहण्यासारखे फारसे उरलेले नसे. आपल्या चित्रपटात पाणी तिसऱ्याच मिनिटाला असेल, तर त्याची जागा बदलण्याचा विचार जरूर करा.

वेळ जुळवणे हे खरे कष्टाचे काम आहे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर एक चौकट साधारण ४२ मिलिसेकंदांची होते. व्हॉल्व्हला आज्ञा मिळणे, तो उघडणे आणि पाणी गालापर्यंत पोहोचणे यांत अशा कित्येक चौकटी निघून जातात. त्यामुळे टाइमकोडवरचा (चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीची वेळ दाखवणाऱ्या आकड्यांवरचा) क्यू, म्हणजे उपकरणाला दिलेला इशारा, तेवढा आधी ठेवावा लागतो, आणि तो किती आधी, हे प्रत्यक्ष खुर्चीत बसून, प्रत्येक उपकरणासाठी वेगळे मोजावे लागते. पाइपची लांबी बदलली की हिशेबही बदलतो.

त्रिमितीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. पडद्यावरील डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीच्या प्रतिमा उलट बाजूंना (डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे) सरकवून त्यांच्यातील अंतर दोन डोळ्यांमधील अंतराएवढे, म्हणजे सुमारे साडेसहा सेंटिमीटर ठेवले, तर ती वस्तू प्रत्येकाला आपल्या आणि पडद्याच्या बरोबर मध्ये आल्यासारखी भासते, मग तो पहिल्या रांगेत असो वा शेवटच्या. ती आणखी जवळ आणायची असेल तर अगदी क्षणभरच आणा, कारण डोळे लवकर शिणतात. आणि पुढे आलेली वस्तू पडद्याच्या कडेने कापली जाऊ देऊ नका, नाहीतर तिचे पुढे येणे खोटे वाटते.

वासाबद्दल मी सर्वांत सावध आहे. झोत बंद करता येतो, वास मात्र परत बोलावता येत नाही. हवा खेचून बाहेर टाकणारी यंत्रणा चांगली नसेल, तर या खेळातला वास पुढच्या खेळाच्या प्रेक्षकांना सुरुवातीलाच भेटतो. त्यामुळे एकच वास घ्या, तोही सहज ओळखता येईल असा. एकूण परिणामही बारा मिनिटांत पाच-सहाच ठेवा, असे माझे मत आहे.

गर्भवतींसाठी आणि पाठीचे दुखणे असलेल्यांसाठी काही खुर्च्या स्थिर ठेवाव्यात, लुकलुकत्या प्रकाशाची सूचना दारातच लावावी. तुषारांचे पाणी टाकीत कोमट होऊन साचू देऊ नये, कारण अशा पाण्यात फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि तुषारांबरोबर ते थेट श्वासात जातात. टाकी व पाइप यांच्या नियमित सफाईची तरतूद पार्कबरोबरच्या करारातच लिहून घ्या.