डिस्नीच्या पार्कांना जोश डमारो तारणार की बुडवणार? आणि मराठवाड्यात असं पार्क कधी होणार?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या डिस्नी कंपनीचा बडा साहेब जोश डमारो याच्यावरून चाहत्यांमध्ये एवढी जुंपलीय, अर्धे त्याला डोक्यावर घेऊन नाचतात, अर्धे शिव्या घालतात, तर खरं काय? आणि थीम पार्कांचं पुढं काय होणार, आपल्याकडं असलं काही येईल का?

मी परभणीकडचा शाळामास्तर. अमेरिकेतलं पार्क मी पाहिलेलं नाही. पण पार्कांचे व्हिडिओ बघायचा नाद जुना आहे आणि शाळेच्या सहलीचं लचांड दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळं रांगेत उभं राहून जे दिसतं, त्याच्या जोरावर लिहितोय.

डमारो 1998 पासून डिस्नीत आहे. आधी कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड, मग फ्लोरिडातलं डिस्नी वर्ल्ड, 2020 पासून सगळ्या पार्कांची धुरा आणि आता आधीचा प्रमुख बॉब आयगर याच्यानंतर कंपनीच्याच प्रमुखपदी निवड. लोकांना तो आवडतो, कारण पार्कात हिंडतो, लोकांशी बोलतो, फोटो देतो. याला मी शून्य गुण देतो. हसतमुख साहेब आपल्याकडंही काही कमी नाहीत.

चाहत्यांचा ठरलेला खलनायक म्हणजे बॉब चॅपेक. फेब्रुवारी 2020 मध्ये तो आयगरच्या जागी कंपनीच्या खुर्चीवर बसला आणि तीन आठवड्यांत कोरोनानं पार्कांना कुलूप लागलं. पुढं रांग टाळायचा, 1999 पासून फुकट असलेला फास्टपास गेला, ऑक्टोबर 2021 मध्ये पैसे मोजून घ्यायचा जीनी प्लस आला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये चॅपेक घरी गेला. आयगर परतला तेव्हा लोकांनी जणू रामराज्य आलं असा जल्लोष केला. पण डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कचं एका दिवसाचं तिकीट 100 डॉलरच्या वर गेलं ते 2015 साली, आयगरच्याच राज्यात. गर्दीच्या दिवशी जास्त दर ही पद्धतही 2016 ची, म्हणजे त्याचीच. जीनी प्लस आला तेव्हा पार्कांचा थेट साहेब कोण? डमारो. आयगर परत आल्यावर ते बंद झालं का? नाही. जुलै 2024 मध्ये नाव बदललं, आणि ऑक्टोबरात त्याच्यावर प्रीमियर पास आला, ज्याचा दर गर्दीच्या दिवसात माणशी 400 डॉलरच्या पुढं जातो. एकाला देव आणि एकाला राक्षस करून हा हिशोब लागत नाही. धोरण एकच चालत आलंय, चेहरे बदलले.

हे धोरण रांगेत कसं उतरतं ते बघा. समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत 24 जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला 720 माणसं. पास विकून ह्या आकड्याला ताणता येत नाही. त्यातल्या निम्म्या जागा पैसेवाल्या रांगेला दिल्या, की साध्या रांगेला उरल्या 360. म्हणजे कंपनी तुम्हाला वेळ विकते, आणि तो वेळ शेजारच्या रांगेतल्या माणसाच्या खिशातून काढलेला असतो. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत आकाशपाळणावाला गर्दी वाढली की त्याच तिकिटात फेऱ्या कमी करतो. तो निदान सगळ्यांच्या सारख्याच कमी करतो.

एकदा सहलीला एका मोठ्या पार्कात सातवी-आठवीची पोरं रांगेत उभी होती. डब्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गेटवरच ठेवून घेतली होती, आतलं खाणं परवडणारं नव्हतं, त्यामुळं पोटात काही नाही. उंची मोजायच्या फळीपाशी एक बारकं पोरगं टाचा उचलून उभं राहिलं, तिथल्या बाईंनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या, तरी बोटभर वर भरलं. पोरगं खूश. तेवढ्यात मनगटावर रंगीत पट्टी बांधलेलं एक कुटुंब बाजूच्या कठड्यातून आलं आणि थेट गाडीत बसलं. पोरगं म्हणालं, "सर, ते तर आपल्या मागून आले. त्यांचा नंबर कसा काय लागला?" नागरिकशास्त्राचा तास मीच घेतो, समानतेचा धडा मीच शिकवतो. म्हणलं, "त्यांनी जास्त पैसे भरलेत." त्यानं मान हलवली. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

आपल्याकडं हे लोण कधीच आलंय. वंडरला पार्कात फास्टट्रॅक पास आहे, इमॅजिका पार्कात एक्सप्रेस पास आहे. कंपनीला पैसा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. चांगला साहेब आधी तासाला 720 चे 900 कसे होतील ते बघतो. सीटचे पट्टे तपासणारी पोरं पुरेशी आणि शिकवलेली असली, दुसरी गाडी दुरुस्तीला पडून नसली, रात्रीची देखभाल वेळेत झाली, तर तेवढ्याच लोखंडावर जास्त माणसं बसतात. ह्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी भांडतही नाही.

डमारोचा निकाल मी तिथं लावीन. 2023 मध्ये डिस्नीनं दहा वर्षांत पार्कांच्या धंद्यात 60 अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. त्यात पर्यटकांची जहाजंही आहेत, हे चाहते विसरतात. जुलै 2025 मध्ये मॅजिक किंगडममधली नदी, टॉम सॉयरचं बेट आणि वाफेची बोट बंद केली, तिथं 'कार्स' या ॲनिमेशन सिनेमाच्या राइड्स होणार. जुन्या लोकांनी गळा काढला. मला स्वतःला नदी जाण्याचं वाईट वाटलं, कारण पाणी आणि सावली ही फुकट बसायची जागा असते. पण नव्या राइड्सनी रांगा खरंच फुटल्या तर मी त्याला माफ करीन. नुसतीच महागड्या पासात भर पडली तर नाही.

बाकी भविष्याचं म्हणाल तर थीम पार्क मरत नाहीत. मे 2025 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत युनिव्हर्सल कंपनीचं एपिक युनिव्हर्स पार्क उघडलं, त्याच महिन्यात डिस्नीनं अबुधाबीचं पार्क जाहीर केलं. तिथं पैसा आणि बांधकाम तिथल्याच मिराल कंपनीचं, डिस्नीचं नाव आणि डिझाइन. टोकियोत 1983 पासून हेच चालू आहे. मुंबईहून विमानानं अबुधाबी तीन-साडेतीन तास. नांदेडहून मुंबईला रेल्वेनं यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, हा आपला विनोद.

आणि मराठवाडा? मोठं पार्क इथं लवकर येईल असं मला वाटत नाही. इमॅजिका 2013 मध्ये खोपोलीजवळ उघडलं, मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी, तरी कर्जानं बेजार झालं आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं गेलं. तिथं ही गत, तर आपल्याकडं तिकीट काढणारी माणसं रोज कुठून आणायची? शिवाय पाणी. वॉटर पार्क तेच पाणी गाळून पुन्हा वापरतं हे खरं, पण त्याचा हंगाम एप्रिल-मे, आणि नेमकं तेव्हाच आपल्या गावात टँकर चालू. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्या जिल्ह्यात घसरगुंडीवरून पाणी सोडायची परवानगी मागायला कोण धजेल?

समृद्धी महामार्गानं तर उलटंच केलंय. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालना-संभाजीनगरचा माणूस शिर्डीला आणखी लवकर पोचायला लागला. तिथं वॉटर पार्कही आहे आणि साई तीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्कही. नांदेड-लातूरवाल्यांना वंडरला आणि रामोजी फिल्म सिटीसाठी हैदराबाद आहेच. बाहेरची पार्कं जवळ आली, म्हणून इथलं लांबलं.

तुम्हाला जायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळा, आम्हा मास्तरांच्या सहलींनी तेव्हा पार्कं भरलेली असतात. जूनअखेरीस, शाळा सुरू झाल्यावर, मधल्या वारी जा. जास्तीचा पास तेव्हा लागत नाही.