दर रविवारी डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कोण उडवतंय? (विंडोज ७)

तुम्ही लिहिलंय, दुकानात विंडोज ७ चा जुना पीसी आहे, गोडाऊनला दुसरा आहे, आणि दुकानातल्या पीसीच्या डेस्कटॉपवरचे काही शॉर्टकट मधनंमधनं आपोआप उडतात, सगळे नाही, ठरावीकच. अँटिव्हायरस मारून झाला, फॉरमॅट पण मारून झाला, तरी महिन्याभरात परत तेच, आणि आता कॉम्प्युटरवाला म्हणतोय हार्डडिस्क बदला. थांबा की जरा. हार्डडिस्कला पैसे घालू नका आत्ताच. आमच्याकडं डिट्टो हेच झालेलं आणि त्यात हार्डडिस्कचा काही संबंध नव्हता, व्हायरसचाही नव्हता.

हे काम विंडोज स्वतःच करतंय. विंडोज ७ मध्ये सिस्टिम मेंटेनन्स म्हणून एक आपोआप चालणारी साफसफाई आहे, आठवड्यातनं एकदा ती गुपचूप चालते, आणि डेस्कटॉपवर चारपेक्षा जास्त 'तुटलेले' शॉर्टकट दिसले की तुटलेले म्हणून जेवढे सापडतील तेवढे सगळे काढून टाकते. विचारत नाही, सांगत नाही. चारपर्यंत असले तर हात लावत नाही, पाचवा झाला की पाचही साफ. आणि तुटलेला कुठला हे ठरवायची तिची पद्धत काय, तर शॉर्टकटमध्ये जो पत्ता लिहिलाय तिथं त्या घडीला काही सापडतंय का नाही, बास. आता पलीकडचा पीसी रात्रीपुरता बंद केलाय, पेन ड्राइव्ह काढून कुणाच्या तरी खिशात गेलाय, नेटवर्कची वायर उंदरानं खाल्लीय, हे तिला कसं कळणार, तिच्या लेखी पत्ता लागला नाही म्हणजे ते घरच पडलं.

तुमचे गेलेले शॉर्टकट कुठले होते ते आठवून बघा. मी पैज लावतो, गोडाऊनच्या पीसीवरच्या फोल्डरांचेच असणार, आणि क्रोम, कॅल्क्युलेटर वगैरे आहेत तिथंच असतील.

आमची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्याकडं काय होतंय ते ताडून बघता येईल. माझ्या काकांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे, चार लेथ, एक ड्रिल, आणि पुढं काचेच्या केबिनमध्ये हा पीसी. मी नोकरी दुसरीकडं करतो, पण वर्कशॉपला सुट्टी सोमवारी असल्यामुळं रविवारी सकाळी तिथं जाऊन बिलं-चलनं बघतो. फाइली सगळ्या मागच्या खोलीतल्या पीसीवर, पुढच्या पीसीवर नुसते त्या फोल्डरांचे शॉर्टकट, बिलं, चलन, ड्रॉइंग आणि पगार. हे चार कित्येक वर्षं तिथं होते, कधी एकदाही हलले नाहीत. २०१८ ला माल पाठवायला ई-वे बिल आलं तेव्हा मी त्याचा एक फोल्डर केला आणि त्याचाही शॉर्टकट डेस्कटॉपवर टाकला. तो पाचवा, आणि तो मीच टाकला होता, हे मला लय उशिरा कळलं.

मग एका रविवारी सकाळी पोचलो तर काका दारातच. "अरं बिलं कुठं गेली? सगळी बिलं गेली की!" डेस्कटॉप बघितला, पाचही शॉर्टकट गायब. रिसायकल बिनमध्ये शोधलं, तिथं पण नाही. मागच्या पीसीवर जाऊन बघितलं तर फोल्डर जागच्या जागी, एक कागद हललेला नाही. (हे तुमच्या घरच्यांनाही सांगून ठेवा, शॉर्टकट म्हणजे एक-दोन केबीची चिठ्ठी असते नुसती, ती गेली म्हणून माल जात नाही. काकांना हे पटायला दोन चहा लागले.) परत पाचही शॉर्टकट केले आणि विषय संपला म्हणून घरी आलो. पुढच्या रविवारी परत तेच.

आता रविवारीच का, ह्याच्यावर काकांनी तपास चालू केला. आमच्याकडं पगार शनिवारी संध्याकाळी असतो, त्या वेळी सगळे केबिनमध्ये जमतात, आणि हेल्पर म्हणून जे एक पोरगं आहे ते पैसे मिळेपर्यंत पीसीवर गाणी लावून बसतं. झालं, आरोपी सापडला. "काल ह्याच्यावर कोण बसलंतं?" ते म्हणतंय मालक मी नुस्ती गाणी लावली, आईशप्पथ, पण ऐकतंय कोण. काकांनी पासवर्ड टाकायला लावला. त्याच्या पुढच्या रविवारी शॉर्टकट परत गेले, तर काका म्हणे बघ, पोराला पासवर्ड पण कळलाय. त्याच्यापुढं मी तरी काय बोलणार.

मग कॉम्प्युटरवाला आला, त्यानं आधी अँटिव्हायरस मारला, नंतर पाचशे रुपये घेऊन विंडोज नवीन मारली. आणि खरंच तीन-चार आठवडे काही झालं नाही! सगळ्यांना वाटलं व्हायरसच होता. तुम्ही पण लिहिलंय ना फॉरमॅटनंतर महिनाभर बरं चाललं म्हणून, त्याचं कारण आमच्याकडं तरी असं होतं, की नवीन विंडोजवर मी शॉर्टकट एकदम सगळे केलेच नव्हते. लागेल तसे केले, पहिल्या आठवड्यात बिलं आणि चलन, मग ड्रॉइंग, पगार महिनाअखेरीला आणि ई-वे बिलाचा सगळ्यात शेवटी. पाच पूर्ण झाले आणि येणाऱ्या रविवारी परत सगळं स्वच्छ.

सापडलं कसं, तर मी मुद्दाम शोधत नव्हतोच. प्रिंटर रुसला होता म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये ट्रबलशूटिंग उघडलं, तिथं सिस्टिम अँड सिक्युरिटीच्या खाली 'रन मेंटेनन्स टास्क्स' अशी एक ओळ दिसली, तिच्यावर क्लिक केलं तर खाली स्पष्ट लिहिलंय, न वापरलेल्या फाइली आणि शॉर्टकट साफ करा. शॉर्टकट! तिथंच डोक्यात लाइट पेटली. मग टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत गेलो, मायक्रोसॉफ्ट, त्याच्यात विंडोज, त्याच्यात डायग्नोसिस, तिथं 'शेड्यूल्ड' नावाचं एक टास्क आहे, आमच्या पीसीवर त्याची वेळ होती दर रविवारी रात्री १ वाजता आणि लास्ट रन टाइमच्या रकान्यात नेमकी त्याच रविवारची तारीख. म्हणजे शनिवारी पगार घेऊन पोरगं घरी जाऊन जेवून झोपलेलं असताना हे चाललेलं.

राहिला एक प्रश्न, रात्री १ ला वर्कशॉपमधला पीसी चालू कसा? तर काका पीसी बंद करतात म्हणजे मॉनिटरचं बटण दाबतात. वर्षानुवर्षं. खालचा डबा रात्रभर चालूच, स्लीप मीच मागं बंद करून ठेवलेलं, आणि मागच्या खोलीतला पीसी मात्र मी शिस्तीत शटडाऊन करायचो. म्हणजे रात्री १ ला पुढचा जागा, मागचा झोपलेला, पाच शॉर्टकटांचे पाचही पत्ते बेपत्ता. तुमचा पीसी रात्री खरोखर बंद असेल तरी सुटका नाही, वेळ चुकली तर नंतर पीसी चालू आणि मोकळा सापडला की हे टास्क चालतं, त्यामुळं तुमच्याकडं ठरावीक वार दिसत नसेल, मधनंमधनं होतंय असं वाटत असेल.

काकांना तोंडी सांगून उपयोग नव्हता म्हणून करूनच दाखवलं, आणि तुम्ही पण आधी हेच करून बघा, खात्री होईल. जे शॉर्टकट आहेत त्यांची एक कॉपी डी ड्राइव्हला ठेवा. गोडाऊनचा पीसी बंद करा. गोडाऊनच्या फोल्डरांचे निदान पाच शॉर्टकट डेस्कटॉपवर आहेत ना बघा, कमी असतील तर अजून एक-दोन करा. मग ते 'रन मेंटेनन्स टास्क्स' चालवा, नेक्स्ट करा आणि डेस्कटॉपकडं बघत बसा. आमच्याकडं काका, मी आणि ते पोरगं, तिघं बघत होतो, पाचही गेले एकदम. काका थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हंजे हे कंपनीनंच करून ठिवलंय व्हय?" माफी वगैरे मागायचा त्यांचा स्वभाव नाही. पण त्या शनिवारी नवीन पासवर्ड त्यांनी स्वतः चिठ्ठीवर लिहून पोराच्या हातात दिला, आणि पोरानं तो ताबडतोब मॉनिटरला चिकटवला, ते एक राहू दे.

आता बंद कसं करायचं. स्टार्ट, कंट्रोल पॅनल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, अॅक्शन सेंटर, त्या पानावर खाली ट्रबलशूटिंग, ते उघडलं की डावीकडं 'चेंज सेटिंग्ज', तिथं वरच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स' आहे, ते ऑफ करा आणि ओके. झालं. कंट्रोल पॅनलमध्ये नुसती चित्रं दिसत असतील तर त्यात ट्रबलशूटिंग सरळ सापडेल. ह्यानं त्या साफसफाईतली बाकीची कामं पण थांबतात, डिस्क तपासणं, घड्याळ बघणं वगैरे, पण दुकानाच्या पीसीला त्यानं काही अडत नाही, आमचा तसाच चाललाय.

सेटिंगला हात लावायचा नसेल तर दुसरा सोपा मार्ग, डेस्कटॉपवर एक फोल्डर करा, आम्ही 'कामाचं' नाव दिलंय, आणि सगळे शॉर्टकट त्याच्या आत टाका. त्या साफसफाईची नजर उघड्या डेस्कटॉपवर असते, आत ठेवलेले आमचे कधी गेले नाहीत. एक क्लिक जास्त लागतो म्हणून काका कुरकुरतात, पण त्यांना कुरकुरायला तसंही काहीतरी लागतंच. किंवा मग असले शॉर्टकट चारच ठेवायचे, पण मोजत कोण बसणार. इंटरनेटवर आणखी एक उपाय सापडेल, विंडोजच्या डायग्नोस्टिक्स फोल्डरमधली स्क्रिप्ट उघडून त्यातला चारचा आकडा बदलायचा, त्याच्या नादाला लागू नका, त्या फाइलीची मालकी काढून घ्यावी लागते आणि एवढ्याशा कामाला तो खटाटोप परवडत नाही.

मला राग येतो तो न विचारण्याचा. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये पण डेस्कटॉप क्लीनअप विझार्ड होता, दर ६० दिवसांनी यायचा, पण तो आधी विचारायचा, कुठले काढू म्हणून यादी दाखवायचा आणि काढलेले एका वेगळ्या फोल्डरमध्ये नीट ठेवायचा. त्याला आम्ही सगळे शिव्या घालायचो, सारखा मधी मधी येतोय म्हणून. आता त्याची किंमत कळाली.

तुमचं लक्षण जरा वेगळं असेल तर मात्र वरचं सगळं लागू नाही. शॉर्टकट जाग्यावर आहेत पण सगळ्यांचं चित्र एकसारखं झालंय आणि काहीही उघडलं तरी एकच प्रोग्राम उघडतोय, तर कुणीतरी चुकून 'ओपन विथ' करून ठेवलंय, ते रजिस्ट्रीतनं, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतनं काढावं लागतं, फोनवर सांगण्यासारखं नाही, कॉम्प्युटरवाल्याला तेवढंच करायला सांगा. चित्रं पांढरी कोरी दिसत असतील आणि उघडतात बरोबर, तर नुसता आयकॉन कॅश, म्हणजे विंडोजनं ठेवलेला चित्रांचा साठा, बिघडलाय, घाबरायचं कारण नाही. आणि पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांचेच शॉर्टकट झाले असतील तर तो मात्र खरा व्हायरस, तो पेन ड्राइव्ह आणखी कुठं लावू नका.

आणि एक, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळं त्या पीसीवर बँकेची कामं करत असाल तर ती दुसरीकडं हलवा. आमचा पीसी अजून ठेवलाय तो फक्त जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी, त्याला नेट लावत नाही.

तर कॉम्प्युटर मेंटेनन्स ऑफ करा, शॉर्टकट परत करा आणि दोन रविवार जाऊ दे मधी. त्यातनंही गेले तर नवीन केलेल्या एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या पुढं काय लिहिलंय ते इथं टाका, बघूया. आणि हो, दुकानातला पीसी रात्री कोण बंद करतंय आणि नेमकं कुठलं बटण दाबून, ते एकदा शेजारी उभं राहून बघा.