‘माझं काही नाही, तुम्ही म्हणाल तसं’

प्रिय पोरी,

घरच्यांना घेऊन करायच्या पावसाळी ट्रेकची तुझी यादी मिळाली. अकरा माणसं, तीन दिवस, पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी. रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. खाली सामान, त्यात मॅगीची पाकिटं किती हेही. आणि शेवटी विचारलंयस, ‘काका, काही राहिलं का?’

सामानात फारसं काही राहिलेलं नाही. राहिलंय ते माणसांच्या यादीत. प्रत्येकाच्या नावापुढे तू वय लिहिलंस, रक्तगट लिहिलास, दम्याचा पंप कुणाकडे ते लिहिलंस. आणखी एक रकाना आखून घे: हा माणूस दमला की काय बोलतो?

हसू नकोस. तू आजवर ग्रुपबरोबर फिरलीस. तिथे पाय भरून आला की माणूस सरळ म्हणतो, ‘थांबा रे, जाम झालोय.’ घरात असं कुणी बोलत नाही. तुझी आई म्हणेल, ‘माझं काही नाही गं, तुम्ही म्हणाल तसं.’ आत्या म्हणेल, ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश.’ मामा जास्तच विनोद करायला लागतील. बाबांचे मित्र दर दहा पावलांवर फोटो काढायला थांबतील, आणि फोटोत धुक्याशिवाय काही नसेल. बारा वर्षांचा धाकटा तर काहीच बोलणार नाही. या सगळ्याचा अर्थ एकच असतो, पण तो तुला लावावा लागेल. मला तो एकदा लागला नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुलै महिना. घरचे आणि मित्र मिळून नऊ जण होतो, दोन रात्री हरिश्चंद्रगडावर देवळाशेजारच्या गुहेत काढल्या. तिसऱ्या दिवशी तोलार खिंडीतून उतरायचं, कारण जीप खुबी फाट्यावर सांगून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी तिघांना कामावर हजर व्हायचं होतं. सकाळी गडावर चहा करून देणारा गडी म्हणाला, ‘आज तिकडं काय दिसायचं नाय. पाचनईला उतरा.’ मी म्हटलं, ‘बघू.’ मराठीत ‘बघू’ म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

देवळापासून तोलार खिंडीकडची वाट म्हणजे एकामागून एक टेकाडं, लोक त्यांना सात टेकड्या म्हणतात. उघडं पठार, झाड नाही की आडोसा नाही. धुकं उतरलं की प्रत्येक टेकाड मागच्यासारखंच दिसतं आणि ढोरवाटा अशा फुटतात की मळलेली वाट कुठली ते कळत नाही. पाऊस आडवा मारत होता. माझ्या चुलतभावाची बायको, आमच्या वहिनी, मधे चालत होत्या. त्या एकदा म्हणाल्या, ‘जरा थांबूया का?’ मी ऐकलं आणि सोडून दिलं. अर्ध्या तासाने पुन्हा म्हणाल्या. या वेळी मी उत्तरही दिलं, ‘वहिनी, थांबलं की थंडी वाजते, चालत राहा.’ वाक्य अगदी बरोबर होतं, म्हणून तर आजही टोचतं.

मग एक फुटका दगड दिसला, जो तासाभरापूर्वीही दिसला होता. आम्ही गोल फिरलो होतो. थांबलो, राजगिऱ्याच्या चिक्क्या वाटल्या. सगळ्यांनी खाल्ल्या, वहिनी चिक्की हातात धरून तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. प्लॅस्टिकचा कागद फाडायला बोटं वळत नव्हती. मघापासून त्या कुडकुडत होत्या, ते थांबलं होतं. मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना! आमच्यातली एक मैत्रीण सरकारी दवाखान्यात नर्स होती, ती माझ्यावर ओरडली, ‘अरे, कुडकुडणं थांबणं वाईट असतं.’

आम्ही सामान झाकायची प्लॅस्टिकची शीट सगळ्यांच्या डोक्यावर ओढली. बायकांनी आडोसा करून वहिनींचा भिजलेला सुती ड्रेस काढला आणि सॅकच्या तळाशी पिशवीत बांधलेला कुणाचा तरी कोरडा स्वेटर चढवला. खाली रिकाम्या सॅक घातल्या, दोघी दोन बाजूंनी त्यांना चिकटून बसल्या. त्या नीट बोलायला लागल्यावर थर्मासमधला उरलेला चहा साखर घालून घोट घोट पाजला. दीड-दोन तास तसेच बसलो. पुढे धुकं जरा विरळ झालं तेव्हा आल्या वाटेने गुहेत परतलो आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरलो. जीपवाल्याने एका दिवसाचे जादा पैसे घेतले, त्याचं काही चुकलं नाही. वहिनी पुढच्या दिवाळीत हा किस्सा हसत सांगत होत्या. राजगिऱ्याची चिक्की मात्र त्या आजही घेत नाहीत.

सह्याद्रीत कुठली आलीय थंडी, असं तुझे मामा म्हणतील. भर पावसात गडावर अठरा-वीस अंश असतात, बर्फबिर्फ काही नाही. पण ओले कपडे आणि वारा एकत्र आले की एवढंही पुरतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला. आधी माणूस कुडकुडतो, मग जीभ जड होते, पाय अडखळतात, ‘मला इथेच बसू द्या’ सुरू होतं. ३२ च्या आसपास कुडकुडणंही बंद पडतं. म्हणून ‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्नच विचारू नकोस. त्याला आपल्याकडे ‘हो’ हे एकच उत्तर आहे. त्यापेक्षा दर विश्रांतीला प्रत्येकाला अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांग. खेळ म्हणून सांग, धाकट्याला पंच कर. ज्याला जमणार नाही, त्याच्यापाशी सगळ्यांनी थांबायचं. आणि मामांच्या सॅकमध्ये रमची चपटी असणार. ती घरीच राहील असं बघ, कारण दारूने गरम वाटतं तेवढंच, रक्त कातडीकडे धावतं आणि आतली ऊब बाहेर जाते. हातपाय चोळत बसणंही नको.

आता वाटेबद्दल. तुझ्या आखणीत मधला दिवस मला काढून टाकावासा वाटतो. कात्राबाईचं जंगल दाट आहे, पुढे ओढे आहेत, आणि एकदा खिंड ओलांडून मधे अडकलात तर दोन्हीकडे तेवढंच चालायचं. हिवाळ्यात तू हे खुशाल कर, सुंदर वाट आहे. ऑगस्टमध्ये, आत्याला घेऊन, नको. रतनगड करा, रतनवाडीत मुक्काम करा, गाडीने शेंडी-राजूरवरून पाचनईला या आणि तिथून हरिश्चंद्रगड चढा. उतरायचंही पाचनईलाच. तोलार खिंडीचा हट्ट सोड. आखलेली वाट पूर्ण झाली नाही तर तुमच्या त्या वाट नोंदवणाऱ्या ॲपला काय वाटेल, याची काळजी करू नकोस.

रतनगडालाही कमी लेखू नकोस. अमृतेश्वराच्या देवळापासून निघालं की वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते आणि ते दोन-तीनदा ओलांडावं लागतं. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, बूट भिजू नयेत म्हणून सगळे दगडांवरून उड्या मारतात. दिवसभर वर पाऊस कोसळला की संध्याकाळी तेच पाणी मांडीला लागतं. सकाळी ओलांडताना काठावरचा एक मोठा दगड हेरून ठेव, फोटो काढून ठेव. परतताना तो बुडालेला असला तर ओलांडायचं नाही. पाणी गढूळ झालंय आणि तळातून दगड गडगडल्याचा आवाज येतोय, तरीही नाही. बसायचं, खायचं, वाट बघायची. आपले डोंगरातले ओढे जसे चढतात तसे पाऊस थांबला की उतरतातही, बऱ्याचदा दोन-तीन तासांत. ओलांडायची वेळ आलीच तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा. आणि दोर कुणाच्याही कमरेला बांधायचा नाही. पाय निसटला तर बांधलेला माणूस दोराला लटकून पाण्याखाली जातो.

रतनगडाच्या शिड्यांचं गणित वेगळं. अकरा जण, माणशी पाच मिनिटं धर, तर पहिला माणूस वर पोचल्यापासून शेवटचा येईपर्यंत पन्नास मिनिटं जातात. म्हणजे जो पटपट चढतो तो वर वाऱ्यात पाऊण तास उभा राहून गारठतो. वर पोचलेल्याने तिथे थांबायचं नाही, गुहेत जायचं आणि कोरडं घालायचं. खाली थांबलेल्यांना उभ्या उभ्या शेंगदाणे-गूळ दे. आणि शिड्यांपाशी बारा वाजेपर्यंत पोचला नाहीत, तर त्या दिवशी गड खालूनच बघायचा.

हवामानाचं सांगतो. ‘नगर जिल्हा’ (आता अहिल्यानगर) असं टाकून अंदाज बघू नकोस. त्या जिल्ह्यात जामखेडही येतं आणि घाटघरही, एकीकडे शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो तेव्हा दुसरीकडे भातखाचरं वाहून जात असतात. हवामान खातं नाशिक घाट आणि पुणे घाट असे वेगळे अंदाज देतं, तुमचे डोंगर त्या दोहोंच्या मधे आहेत. ते दोन्ही बघ आणि त्यातला वाईट असेल तो धर. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की त्यांच्या भाषेत मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार. ऑरेंज अलर्ट असेल तर गड नाही, रतनवाडीत भाकरी-पिठलं खाऊन देऊळ बघायचं. रेड असेल तर घरीच पत्ते कुटा. आणि गावातून एक वाटाड्या घे. त्याचे पैसे देताना घासाघीस केलीस तर मला सांगू नकोस.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बाबांचे मित्र इंद्रवज्र, म्हणजे ढगात उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसेल म्हणून काठाशी जातील. ते दिसायला पाठीमागे ऊन लागतं आणि समोर दरीत ढग. भर पावसात ऊन कुठून आणणार? काठावर वाऱ्याचा झोत खालून वर येतो, छत्री काय, माणूसही हलतो. दहा पावलं मागे बसवून त्यांना गरम चहा दे.

राहिला तुझा खरा प्रश्न, जो तू पत्रात विचारलेला नाहीस. तू चोवीस वर्षांची आणि मामा छप्पन्नचे. भर पावसात तू ‘परत फिरू’ म्हणालीस तर ते ऐकतील का? डोंगरात नाही ऐकणार. तिथे ते म्हणतील, ‘एवढं आलोय तर आता…’ म्हणून हे घरी ठरव. निघायच्या आदल्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलाव, आणि तू नाही, बाबांनी सगळ्यांसमोर सांगायचं की तीन दिवस हिचा शब्द शेवटचा. त्याच बैठकीत दुसरंही ठरवा: पुढे जायला अकराही जण हवेत, परत फिरायला कुणा एकाने म्हटलं तरी पुरे, आणि त्याला कारण विचारायचं नाही. धाकट्याचंही मत धरायचं. तो पहिल्या चढालाच ‘परत’ म्हणेल, अशी तुला भीती असेल. नाही म्हणणार. मुलांना असा अधिकार दिला की ती जपून वापरतात, मोठ्यांचं मात्र सांगता येत नाही.

सुट्टी संपल्यावरचा एक दिवस जमेल त्यांनी मोकळा ठेवा. माझ्या त्या दिवशी धुकं होतं, पाऊस होता, पण मला पठारावर ओढून नेलं ते खुबी फाट्यावर उभ्या असलेल्या जीपने.

महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर आणि ११२ कागदावर लिहून दोघांच्या सॅकमध्ये प्लॅस्टिकमध्ये घालून ठेव, फोन भिजतात. राजूरच्या पुढे रेंजचा भरवसा नाही, तेव्हा तिथून मला एक फोन कर आणि कुठे, कधीपर्यंत ते सांग. परतल्याचा फोन ठरल्या वेळेला आला नाही तर पुढचं मी बघेन.

आईला नमस्कार सांग. आणि निघायच्या आदल्या रात्री आत्याच्या सॅकमध्ये कोरडा स्वेटर पिशवीत बांधून गेलाय का, ते बघ. तिला विचारू नकोस, सॅक उघडून बघ.

तुझा,
काका