महिन्याभरात कादंबरी लिहून काढायच्या आव्हानात भाग घेतलाय. माझी गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूतल्या भय-रहस्याची, कादंबरी निम्म्यावर अडकली आहे. वाडा, वादळ, भूत सगळं आलं, पण भीतीच वाटत नाही. सोडून देऊ का?

सोडू नका. निम्मी कादंबरी झाली म्हणजे वाडा उभा आहे, माणसं आत राहायला आली आहेत. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं, भूत फार लवकर दिसलं आणि ते का येतं हे अजून तुमचं तुम्हीच ठरवलेलं नाही.

ते आधी ठरवा. गॉथिक कथेतल्या घरात कधीकाळी कुणाचं तरी वाईट केलेलं असतं आणि घरातले सगळे ते दाबून बसलेले असतात. या प्रकारातली पहिली मानली जाणारी कादंबरी म्हणजे होरेस वॉलपोलची १७६४ सालची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'. तिच्यात ऐन लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलावर एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं आणि तो चिरडून मरतो. नुसतं ऐकलं तर विचित्र वाटतं. पण त्याच्या पूर्वजानं मूळ मालकाला विष घालून राज्य बळकावलं होतं हे उलगडतं, तेव्हा त्या शिरस्त्राणाचा रोख कळतो. तुमच्या वाड्यात काय झालं होतं? कुणाचा वाटा बुडवला? कुणाला कोंडून ठेवलं? एका वाक्यात लिहून डोळ्यांसमोर चिकटवा. वाचकाला मात्र इतक्यात सांगू नका.

वादळही जरा आवरतं घ्या. समजा, वीस वर्षं बंद असलेली खोली नायिका उघडायला जाते. कुलूप गंजलेलं असेल, जोर लावावा लागेल, अशी तिची आणि वाचकाची तयारी असते. किल्ली अलगद फिरते. तिच्या बोटांना तेल लागतं, ताजं. एवढ्यानं घरातला प्रत्येक माणूस संशयाच्या फेऱ्यात येतो आणि पुढची चार प्रकरणं त्या तेलातूनच निघतात. सुरुवातीच्या गॉथिक कादंबरीकारांपैकी एक, अ‍ॅन रॅडक्लिफ, हिनं हे फार नेमकं मांडलं होतं: पुढे काय येणार याची धास्ती मनाला जागं करते, तर उघड समोर आलेलं भीषण दृश्य त्याला गोठवून टाकतं. शिवाय धास्ती हवी तेवढी लांबवता येते, आणि रोजची शब्दसंख्या गाठायची असताना ही फार मोठी सोय आहे.

आणि अडकण्याचं म्हणाल, तर 'फ्रँकेनस्टाइन'ची लेखिका मेरी शेलीही अशाच एका आव्हानात अडकली होती. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी पावसानं सगळ्यांना घरात कोंडलं होतं. प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची, असं कवी बायरननं सुचवलं. १८ वर्षांच्या मेरीला काही सुचेना. रोज सकाळी विचारणा व्हायची, आणि रोज नाही म्हणताना तिला ओशाळायला व्हायचं. हे तिनंच पुढे कादंबरीच्या १८३१ च्या प्रस्तावनेत लिहिलंय. मग एका रात्री झोप-जागेच्या सीमेवर तिला माणसानं घडवलेला एक जीव हलताना दिसला, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं 'नोव्हेंबरातली एक उदास रात्र होती' अशा वाक्यापासून लिहायला घेतलं. 'फ्रँकेनस्टाइन'च्या १८३१ च्या आवृत्तीत ते वाक्य थेट पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला येतं. म्हणजे तिनं कादंबरी मधूनच सुरू केली! आधी तर तिला ती चार पानांची गोष्टच वाटत होती.

तेव्हा क्रमानंच लिहायचा हट्ट सोडा. ज्या प्रसंगाच्या विचारानं तुमच्याच अंगावर काटा येतो, तो आज लिहा, मग तो विसाव्या प्रकरणात का जाईना. मधली जागा 'इथे ती तळघरात उतरते' एवढ्यावर सोडून पुढे चला. ३० दिवसांत ५०,००० शब्द म्हणजे दिवसाला साधारण १,६६७ होतात. त्या कुलपापासून खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंतचं अंतर नीट चालवलंत तर एका बैठकीत तेवढे सहज भरतील. मागची पानं मात्र आत्ता दुरुस्त करू नका. जिथे भूत लवकर आलंय तिथे 'हे पुढे ढकलायचं' एवढी खूण करा. ते काम महिना संपल्यावरचं.