हेफ्टीच्या तबकडीत रिडल सापडणार नाही

संगीतकार नील हेफ्टीची १९६६ सालची, 'बॅटमॅन' या टीव्ही मालिकेवरची तबकडी तुम्ही मिळवलीत, तिच्यात शीर्षकधून आहे, पण मालिकेतल्या मारामाऱ्यांचं आणि खलनायकांचं संगीत कुठेच नाही, असा तुमचा प्रश्न आहे. तबकडी अस्सलच आहे. हेफ्टीने मालिकेला दिली ती शीर्षकधून. तबकडीतल्या बाकीच्या चालीही त्याच्याच, पण त्या पडद्यावरच्या प्रसंगांच्या नव्हेत. पहिल्या दोन सीझनचं पार्श्वसंगीत नेल्सन रिडलचं, तिसऱ्यात मुख्यतः बिली मेचं. तुम्हाला हवा आहे तो रिडल.

तरी शीर्षकधुनीवरून घाईने पुढे जाऊ नका. घरात पेटी असेल तर वाजवून बघा: प प, तीव्र मध्यम दोनदा, शुद्ध मध्यम दोनदा, परत तीव्र मध्यम दोनदा. गिटारची सगळी फिरकी एवढीच! थोड्या वेळाने मध्यमालाच सा मानून तीच फिरकी येते, मग पुन्हा मूळ जागी. आत सांगाडा आहे तो बारा बारांच्या (बार म्हणजे मात्रांचा एक तुकडा) ब्लूजचा, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्यातल्या जुन्या साच्याचा. काउंट बेसीच्या जॅझ बँडसाठी 'लिल डार्लिन' ही चाल लिहिणाऱ्या हेफ्टीला ब्लूज शिकवायला नको. या धुनीला ग्रॅमीही मिळालं.

आता रिडल. फ्रँक सिनात्रा आणि नॅट किंग कोल यांच्या गाण्यांचा हा संयोजक. तीच कसबी नजर त्याने इथे लावली. मारामारीत पडद्यावर 'पॉव' असं अक्षरांत उमटतं त्या क्षणी ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, फटका बसतो. पेंग्विन हा खलनायक आला की सुरावटही त्याच्यासारखी डुलत चालते. माझ्या मते यातली खरी गंमत वादकांच्या गांभीर्यात आहे. बॅटमॅन झालेला ॲडम वेस्ट जसा कितीही अचाट संवाद चेहरा न हलवता म्हणतो, तसाच हा वाद्यवृंद एकही स्वर वेडावाकडा न करता, नेटक्या जॅझसारखा वाजतो. वादकांनीच खिदळायला सुरुवात केली असती, तर दोन भागांत कंटाळा आला असता.

तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स रेकॉर्ड्सची रिडलची १९६६चीच तबकडी शोधा. मधेमधे मालिकेतले संवाद येतात. कुणाला ते खटकतात, मला आवडतात. सुरुवात 'बटूसी अ गो गो'पासून करा. पहिल्याच भागात बॅटमॅन नाचतो ना, त्या नाचाचं नाव बटूसी.