एका जखमेतून एकच अळी

स्क्रूवर्मच्या (जनावरांच्या जखमेत वाढून जिवंत मांस खाणाऱ्या माशीच्या अळीच्या) मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएवर काम करायचंय ना, मग आधी नमुन्यांकडे बघा. एक मादी जखमेच्या कडेला एका वेळी 200 ते 300 अंडी घालू शकते. त्यामुळे एकाच जखमेतल्या वीस अळ्या तपासल्या, तर बहुधा एकाच आईचा हॅप्लोटाइप (आईकडून आलेला डीएनएचा विशिष्ट क्रम) वीसदा मोजला जातो. जखमेमागे एकच अळी घ्या, बाकीच्या राखून ठेवा. थेट कडक अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मलिन नकोच, डीएनएची पार वाट लागते. अळीचं आतडं वगळा, नाहीतर गाईचाच डीएनए हाती येईल. सुरुवात सीओ1 या मायटोकॉन्ड्रियल जनुकापासून करा; कंट्रोल रीजनमध्ये, म्हणजे याच डीएनएच्या जनुक नसलेल्या भागात, ए आणि टी या डीएनएच्या अक्षरांची इतकी गर्दी असते की सीक्वेन्सिंग (अक्षरांचा क्रम वाचणं) अडखळतं. आणि या डीएनएतून कळणारा सगळा इतिहास फक्त आईकडचा. नरांच्या स्थलांतराबद्दल बोलायचं असेल, तर जोडीला मायक्रोसॅटेलाइट (आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएतले छोटे, पुन्हापुन्हा येणारे तुकडे) लागतातच.