महाराष्ट्रातील सागरी मासेमारीचे नियम नेमके कसे बदलले, आणि लहान गिलनेट नौकेला त्यांतले काय लागू होते?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे की, गावी वडिलांच्या नावावर इंजिन बसवलेली गिलनेटची लहान नौका आहे, आपण स्वतः नोकरीसाठी पुण्यात असता, आणि गावी गेल्यावर पावसाळी बंदी, पर्ससीन, लहान मासळीवरचा दंड यांविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेचे परवान्यांचे आणि डिझेल परताव्याचे कागद मी बरीच वर्षे पाहत असल्यामुळे हा गोंधळ माझ्या परिचयाचा आहे. त्याचे मुख्य कारण असे की हे नियम एका वेळी, एका कायद्याने बदललेले नाहीत. जुन्या कायद्यावर आदेशांचे थर चढत गेले आहेत आणि त्यांतले काही राज्याचे, तर काही केंद्राचे आहेत.

मुळापासून पाहायचे तर आपल्या राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, मात्र प्रादेशिक सागराच्या पलीकडची मासेमारी केंद्राकडे आहे. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत महाराष्ट्राचा कायदा चालतो, आणि तिथून २०० नॉटिकल मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचा. राज्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. तो ऑगस्ट १९८२ पासून अमलात आला. ट्रॉलर, म्हणजे पिशवीसारखे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका, किनाऱ्याजवळ येऊन रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) आणि गिलनेटवाल्यांची मासळी ओढून नेत, जाळी फाडत, आणि त्यावरून समुद्रात हाणामाऱ्या होत, अशा काळातले हे अपत्य आहे. त्यामुळे त्यातील सुरुवातीचे आदेश प्रामुख्याने "कुठे" आणि "कधी" या दोन प्रश्नांची उत्तरे देतात: अमुक वाव (खोली मोजण्याचे माप) खोलीच्या आत ट्रॉल ओढू नये, रात्री ट्रॉल मासेमारी करू नये, पावसाळ्यात नौका बंदरात ठेवाव्यात. अलीकडचे आदेश मात्र "कोणत्या जाळ्याने" आणि "केवढा मासा" हे विचारतात. माझ्या मते खरा बदल हाच आहे, आणि तो नीट समजला की बाकीचा तपशील लावून घेणे कठीण जात नाही.

पावसाळी बंदीची गोष्ट त्यांतल्या त्यात सोपी आहे. पूर्वी महाराष्ट्रात ती १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जी तारीख आधी येईल तोपर्यंत असे. पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत एकवाक्यता आणण्याच्या धोरणातून ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली, आणि केंद्र आपल्या क्षेत्रासाठी त्याच तारखा जाहीर करते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना सूट आहे. आपल्या नौकेला इंजिन आहे, म्हणून ती सूट आपल्याला नाही. वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: बंदीच्या काळात नौका बाहेर गेली आणि अपघात झाला, तर शासनाकडून नुकसानभरपाई मिळत नाही, आणि दरवर्षीच्या बंदीच्या सूचनेत विभाग हे स्पष्ट लिहितो. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी १ ऑगस्टनंतर येत असल्याने बंदी उठते तेव्हा दर्या पुष्कळदा शांत झालेला नसतो, अशी जुन्या तांडेलांची, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखांची, तक्रार असते, आणि ती मला रास्त वाटते. परंतु आज कागदावर आहे ती तारीख ३१ जुलैचीच.

आता पर्ससीन. बांगडा, तारली यांसारखी थव्याने फिरणारी मासळी या जाळ्याने चहूबाजूंनी वेढली जाते, मग जाळ्याचा तळ दोरीने आवळला जातो आणि थवाच्या थवा वर येतो. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांच्या समितीने या पद्धतीचा अभ्यास करून २०१२ मध्ये अहवाल दिला, आणि त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. नवे परवाने बंद झाले, असलेल्या ४९४ परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने २६२ आणि शेवटी १८२ वर आणण्याचे ठरले, जाळ्याची आस, म्हणजे त्याच्या भोकाचे माप, २५ मिलिमीटरपेक्षा लहान नसावी असे बंधन आले, आणि राज्याच्या सागरी हद्दीत ठरवून दिलेल्या पट्ट्यांत केवळ सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात ही मासेमारी करता येईल असे ठरले. पाठोपाठ एलईडीचा प्रश्न आला. जनरेटर लावलेल्या नौकेवरून पाण्यात प्रखर प्रकाश सोडायचा, मासळी गोळा झाली की दुसऱ्या नौकेने जाळे टाकायचे, अशी ती पद्धत आहे. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या क्षेत्रात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणारी मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून ओढायचे बुल ट्रॉलिंग, दोन्हींवर बंदी घातली, आणि राज्यानेही आपल्या हद्दीत एलईडीला मनाई केली.

हे आदेश असूनही किनाऱ्यावरचा असंतोष का शमला नाही, याचे उत्तर जुन्या कायद्याच्या दंडात होते. तो दंड बहुतांशी पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता, आणि प्रकरण सुनावणीसाठी तहसीलदारांकडे जाई. महसुलाची सतराशे साठ कामे असलेल्या त्या कार्यालयात मासेमारीच्या प्रकरणाला प्राधान्य मिळणे अवघड होते. शिवाय गस्तीनौका दिसताच मासळी दुसऱ्या नौकेत उतरवली की किंमत तरी कशाची लावणार? २०२१ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने हे दोन्ही सांधे बदलले. अभिनिर्णयाचे, म्हणजे सुनावणी घेऊन निकाल देण्याचे, काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले, आणि दंड थेट लाखांत ठरवला गेला. एलईडी किंवा बुल ट्रॉलिंगसाठी तो ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत जाऊ शकतो. परप्रांतीय नौकेने आपल्या हद्दीत घुसखोरी केल्यास २ ते ६ लाख रुपये आणि त्याखेरीज मासळीच्या किमतीच्या पाच पट दंड आहे. जानेवारी २०२५ पासून किनारी जिल्ह्यांत ड्रोनने टेहळणी सुरू झाली आहे. याचा उपयोग मला पुराव्यापुरता मोठा वाटतो: नौका आपल्या हद्दीत होती की नव्हती, हा वाद पूर्वी शब्दावर चाले, तो आता चित्रावर चालू शकतो.

आपल्या नौकेला सर्वांत जवळून भिडणारा बदल मात्र यांपैकी कोणताच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवले. केरळने हे आधी केले होते, आणि दोन्हीकडे आधार केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशींचा आहे. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०, हलवा १७०, बोंबील १८०, सुरमई ३७० अशी ही मापे आहेत, आणि त्याहून लहान मासळी पकडणे हा अपराध ठरतो. दुरुस्त कायद्यात त्यासाठी १ ते ५ लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी सोडण्याची संधी मिळावी, असा यामागचा साधा विचार आहे. त्याच महिन्यात पापलेट हा राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांना त्याचे विशेष समाधान वाटले असणार, कारण पापलेटची पिल्ले बाजारात येण्याविरुद्ध त्या भागातूनच फार वर्षे आवाज उठत आला आहे.

या नियमाला मी इतके महत्त्व देतो, कारण तो तपासण्यासाठी समुद्रात जावे लागत नाही. नौका किती वावांत होती, दिवा कोणी लावला, हे सिद्ध करणे कष्टाचे आहे. टोपलीतला पापलेट धक्क्यावर पट्टीने मोजता येतो. पण तेवढ्यानेच नियम न्याय्य ठरतो असेही नाही. पालघरपासून रायगडपर्यंत चालणाऱ्या डोलीचे उदाहरण घ्या. खुंटांना बांधलेली ही पिशवीसारखी जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर भरतात, आणि त्यांच्या खोल्याची, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या भागाची, आस अगदी बारीक असते, कारण जवळा हा पूर्ण वाढला तरी काही सेंटिमीटरचाच जीव आहे. जवळा पकडणे कायदेशीर आहे, पण जवळ्याबरोबर त्याच खोल्यात पापलेटची पिल्लेही येतात, आणि जाळे वर येईपर्यंत त्यांतली बहुतेक मेलेली असतात. ती परत टाकली तरी जगणार नाहीत आणि ठेवली तर दंड. डोलकराने काय करावे, याचे समाधानकारक उत्तर मला अधिसूचनेत सापडत नाही. पिल्लांचे थवे येतात त्या महिन्यांत ठरावीक भागात डोल न लावण्याचा निर्णय गावांनी एकत्र बसून घेणे, हा मला दंडापेक्षा अधिक व्यवहार्य मार्ग वाटतो.

गिलनेटवाल्याची स्थिती त्या मानाने बरी आहे. गिलनेटमध्ये मासा कल्ल्यांपाशी अडकतो, त्यामुळे आस ठरली की माशाचा आकारही बव्हंशी ठरतो: लहान मासा आरपार जातो आणि फार मोठा अडकतच नाही. म्हणजे आपल्या वडिलांच्या बाबतीत नियम पाळायचा की मोडायचा, याचा निकाल समुद्रावर नव्हे, तर जाळे विकत घेताना लागतो. ट्रॉलरच्या बाबतीत हेच साधण्यासाठी खोल्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावण्याचा आग्रह धरला गेला, आणि सिंधुदुर्गात त्याचा प्रसार बराच झाला. नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस जाळे ओढताना ताणाने मिटते, त्यामुळे कागदावर आस मोठी असली तरी पिल्लाला वाट राहत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते.

जाळ्यात चुकून येणाऱ्या संरक्षित प्राण्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण तिथे मासेमारीचा नव्हे तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि त्याचे परिणाम फार गंभीर असतात. समुद्री कासवे, व्हेल शार्क, डॉल्फिन, करवत मासा यांना पकडणे, ठेवणे किंवा विकणे ही शिकारच मानली जाते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, या यादीत आणखी मुशी-पाकटांची (शार्क आणि रे माशांची) भर पडली आहे. मात्र असा प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर त्याची भरपाई मिळते. डिसेंबर २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती योजना चालवतात, आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळू शकतात. जाळे कापून प्राणी सोडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि किनाऱ्यावर येताच अर्ज करावा, एवढी काळजी घेतली तर प्रकरण सहसा अडत नाही.

शेवटचा थर केंद्राचा आहे. १२ मैलांची रेघ ही या साऱ्या व्यवस्थेची कच्ची बाजू आहे. मासा ती ओळखत नाही, आणि पर्ससीनवाले "आम्ही पलीकडे मासेमारी करतो" असे म्हणतात तेव्हा राज्याचा अधिकारी अडखळतो. तमिळनाडूत राज्याने घातलेल्या पर्ससीन बंदीवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते सायंकाळी ६ या वेळेत परवानगी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार यांत्रिकी आणि मोठ्या मोटार-नौकांना १२ मैलांपलीकडे जाण्यासाठी ऑनलाइन मिळणारा विनाशुल्क प्रवेश-पास लागतो. एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवरील बंदी त्यातही कायम आहे, आणि मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. पारंपरिक लहान नौकांना, त्यांना मोटार असली तरी, या पासातून सूट आहे. आपली नौका नोंदणीत कोणत्या वर्गात दाखवली आहे, हे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. नोंदणीपत्रावर एक आणि प्रत्यक्षात इंजिन दुसरे, अशी स्थिती किनाऱ्यावर सर्रास आढळते, आणि तपासणीत अडचण तिथूनच सुरू होते.

म्हणून पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा नोंदणीपत्र, चालू वर्षाचा मासेमारी परवाना, विमा आणि खलाशांची ओळखपत्रे एकत्र पाहून घ्या. परवान्यावर जाळ्याचा प्रकार गिलनेट असाच लिहिलेला आहे ना, हे तपासा, कारण परवाना एका जाळ्याचा आणि नौकेवर जाळे दुसरे असेल तर बाकी सर्व कागद चोख असूनही दंड होतो. ५४ प्रजातींचा तक्ता सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या जिल्हा कार्यालयात किंवा आपल्या संस्थेत मिळेल. त्यात माप कुठून कुठपर्यंत घ्यायचे तेही पाहावे, कारण खेकडा आणि बांगडा एकाच रीतीने मोजता येत नाहीत. नवी जाळी सहसा बंदीच्या दोन महिन्यांत भरली जातात, तेव्हा हा तक्ता मे महिन्यापूर्वी वडिलांच्या हाती पडला तर त्याचा खरा उपयोग होईल.